पेढी, कचेरी, दुकान, हॉटेल: फोर्टमधल्या जुन्या व्यापारी इमारतीत काय चालेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या फोर्ट भागात एका कुटुंबाची चार मजली दगडी इमारत आहे, वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत नोंदलेली. तळमजल्यावर पूर्वी जहाजांच्या एजंटांच्या आणि मालाच्या दलालांच्या पेढ्या होत्या, वरच्या मजल्यांवर वकील आणि लहान कंपन्या. आता बरेच गाळे रिकामे झाले आहेत. तळमजला एका कपड्यांच्या ब्रँडला हवा आहे, वरचे दोन मजले कुणाला छोट्या हॉटेलसाठी हवे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, पेढ्यांच्या जागी कपडे आणि पाहुणे आले की वारसा कसला उरला? तरुणांचे म्हणणे, भाडे येणार नसेल तर इमारतच उरणार नाही. कोणाचे खरे?

मी संवर्धन वास्तुविशारद आहे आणि माझे बरेचसे काम फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्येच चालते. माझे मत आधीच सांगते. वापर बदलला म्हणून या भागातली इमारत संपत नाही. तिचे इतके तुकडे झाले की छताची, पावसाळी नळांची आणि जिन्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही, तर ती संपते. म्हणून दुकान की हॉटेल हा प्रश्न मी दुसरा मानते. आत येणारा माणूस इमारतीच्या सामाईक भागांचे काय करणार, हा पहिला.

वडीलधाऱ्यांच्या मनात एक मूळ वापर आहे आणि तोच खरा, असे गृहीत आहे. फोर्टचा इतिहास तसा नाही. शहीद भगतसिंग रस्त्यावरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग बघा. अठराव्या शतकात तिथे गव्हर्नर हॉर्नबी राहत असे. मग ती नौदलाच्या प्रमुखाची झाली, मग तिथे न्यायालय भरू लागले. उच्च न्यायालय ओव्हल मैदानासमोरच्या नव्या वास्तूत गेल्यावर तिथे ग्रेट वेस्टर्न हॉटेल निघाले, आणि हॉटेल बंद पडल्यावर कचेऱ्या आणि दुकाने आली. घर, आरमार, कोर्ट, हॉटेल, कचेरी! यातला कोणता वापर तिचा वारसा म्हणायचा? मला विचाराल तर हे सगळे पेलूनही ती उभी राहिली, यातच तिचे मोल आहे.

हे बदल कोणाच्या लहरीने झाले नाहीत, ते बंदराने घडवले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रेअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड लिलावात निघाले आणि त्यांवर आजचा फोर्ट उभा राहिला. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला. पूर्व किनाऱ्यावर १८७५मध्ये ससून डॉक, १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८मध्ये व्हिक्टोरिया डॉक अशा गोद्या होत गेल्या. व्यापाऱ्याला कस्टम हाऊस, बँक, टपाल कचेरी आणि गोदी सगळे चालत जाण्याच्या अंतरात हवे असे, कारण बिले, हुंड्या आणि मालाचे नमुने माणसाच्या हातून फिरत. म्हणून तळमजल्यावर पेढी, मागे माल ठेवायची खोली, वर कचेरी आणि कुठे कुठे सर्वांत वर राहण्याची जागा, अशी इमारतीची ठेवण पडली. अलेक्झांड्रा डॉक १९१४मध्ये सुरू झाला, आणि तो खोदताना निघालेल्या भरावावर पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड इस्टेट वसवली. वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली तिथल्या इमारतींच्या उंचीला आणि दर्शनी भागाला एक शिस्त लागली. तो सगळा भागच जहाज कंपन्या, विमा कंपन्या आणि आयात-निर्यातीच्या पेढ्यांसाठी आखला होता.

१९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. माल गेला तसे क्लिअरिंग एजंटही नवी मुंबईकडे सरकले, पुढे कागदपत्रे ऑनलाइन झाली. बंदराजवळ कचेरी असण्याचे कारणच उरले नाही. मोठ्या कंपन्या आधी नरिमन पॉइंटला आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. तुमचे गाळे रिकामे होण्याचे मूळ इथे आहे. भाडेकरू चुकले नाहीत आणि तुम्हीही चुकला नाहीत.

भाडे कायद्याचा भागही समजून घ्यायला हवा, त्याशिवाय फोर्टची आजची अवस्था कळत नाही. १९४७च्या कायद्याने बहुतेक जुन्या भाड्यांचा पाया १ सप्टेंबर १९४०च्या दरावर बांधला गेला. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात रंगही होईना, दुरुस्ती तर दूरच. भाडेकरूला जागा इतकी स्वस्त पडे की तो ती सोडीना. गरज संपली की तो पागडी घेऊन पोटभाडेकरू ठेवी, तो पुढे आणखी एकाला कोपरा देई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांचे संरक्षण काढले. इतरांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ होऊ लागली. मोठ्या कंपन्या अडवून बसलेले मजले या कलमाने मोकळे झाले आणि फोर्टमध्ये नवे वापर येऊ शकले. दोन्ही बाजूंचे हाल मी पाहिले आहेत. जुना वकील भाडेकरू गेला तर त्याची प्रॅक्टिस मोडते, मालकाने छत नीट केले नाही तर त्याच वकिलाच्या डोक्यावर ते येते. म्हणून मालक विरुद्ध भाडेकरू असे भांडण लावणाऱ्या सल्ल्याला मी हात लावत नाही.

आता वॉटसन्स हॉटेलबद्दल जरा सविस्तर लिहिते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या इमारतीतच दिसते.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. लिलावात घेतलेल्या भूखंडावर त्याला आधी स्वतःचे दुकान आणि कचेरी बांधायची होती, पुढे बेत बदलून हॉटेल झाले. म्हणजे पहिला वापरबदल बांधकाम पुरे होण्याआधीच झाला होता! आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावरही त्याने काम केले होते. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या गेल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या गेल्या. वजन सांगाड्याने घ्यायचे, भिंतीने फक्त जागा भरायची, ही कल्पना तेव्हा मुंबईत अगदी नवी होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला.

पुढे ताजमहाल हॉटेल आले, वॉटसनची चलती संपली, हॉटेल बंद पडले. इमारतीचे लहान लहान भाग भाड्याने जाऊ लागले. शेजारी सत्र न्यायालय, थोड्या अंतरावर उच्च न्यायालय, त्यामुळे वकिलांनी खोल्या घेतल्या. खोल्यांत फळ्यांचे आडोसे उभे राहिले, आडोशांवर पोटमाळे आणि पोटमाळ्यांवर फायलींचे गठ्ठे. मोरीचे पाणी नेण्यासाठी जो तो आपला पाइप आपल्या सोयीने काढू लागला. लोखंडी सज्जे कोणाच्याच भाड्यात नव्हते, त्यामुळे कोणाच्याच जबाबदारीतही नव्हते. २००५मध्ये पुढचे सज्जे कोसळून एकाचा जीव गेला. २०१८मध्ये पुन्हा सज्जाचा भाग पडला. २०१९मध्ये इमारत रिकामी केली गेली. ती पाडावी असा एक अहवाल आला, दुरुस्त होऊ शकते असे संवर्धनातल्या जाणकारांनी सांगितले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

वकिलांच्या कचेऱ्या हा काही वाईट वापर नाही. खरे तर जुन्या इमारतीला तो फार सोयीचा वापर आहे: माणसे दिवसा येतात, पाणी कमी लागते, भिंती फोडाव्या लागत नाहीत. तोच वापर एका जबाबदार मालकाच्या आणि एका देखभाल खात्याच्या छताखाली असता तर वॉटसनचे असे झाले नसते. शंभर लहान भाडेकरूंनी एखादी इमारत सांभाळणे अशक्य नाही, पण त्यासाठी सामाईक खर्चाची पक्की व्यवस्था लागते. भाडे गोठलेले आणि मालक उदासीन असला की ती व्यवस्था उभी राहत नाही.

वॉटसनच्या अगदी शेजारची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग बघा. इंग्रज अधिकाऱ्यांसाठीचे मोठे दुकान म्हणून ती बांधली. दुकान गेले, कचेऱ्या आल्या, पुढे तळमजल्यावर पुन्हा कपड्यांचे मोठे दुकान आले. एका हाती राहिल्यामुळे तिचा दगड, कमानी आणि जिने शाबूत आहेत. एकच रस्ता, एकच हवा, एकच पाऊस, तरी दोन इमारतींचे नशीब इतके वेगळे. दादाभाई नौरोजी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचे विलायती मालाचे दुकान होते, त्या वास्तूत पुढे खादी भांडार आले. मँचेस्टरच्या कापडाच्या काचेमागे हातमागाचे कापड मांडले गेले, आणि कमानींच्या ओवरीतून लोक पूर्वीसारखेच चालत राहिले. याहून मोठा वापरबदल कोणता असणार?

अलीकडची उदाहरणे तुमच्या प्रस्तावाच्या जवळची आहेत. हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२मध्ये स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान उघडले. फ्लोरा फाउंटनजवळच्या इस्माइल बिल्डिंगमध्ये २०१७मध्ये झाराचे मोठे दालन आले. त्यासाठी इमारतीचे काम चांगले झाले, दर्शनी भाग पुन्हा उजळला. २०२५मध्ये झारा तिथून गेले आणि दुसऱ्या फॅशन कंपनीने जागा घेतली. मोठा ब्रँडसुद्धा आठ वर्षांत जाऊ शकतो. म्हणून त्याच्यासाठी केलेले प्रत्येक काम दगडाला न दुखावता काढता येण्यासारखे हवे. लाकडी मांडणी भिंतीपासून सुटी उभी करा, वायरिंग वरून उघड्या नळीतून न्या, छताला खिळे मारण्याऐवजी तुळईला शिकंजे लावा. तुमच्या इमारतीच्या आयुष्यात भाडेकरू हा पाहुणा आहे, त्याचे सामान त्याच्याबरोबर गेले पाहिजे.

मी कोणताही नवा वापर तपासते तो वजन, पाणी आणि हवा या क्रमाने.

वजनाचे गणित बहुतेक लोक करतच नाहीत. भारतीय मानकांप्रमाणे कचेरीची जमीन साधारण प्रति चौरस मीटर २.५ किलोन्यूटन भारासाठी धरतात, दुकानाची ४ किलोन्यूटन. म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोंवरून चारशे किलो. कपड्यांचे दुकान तळमजल्यावर, थेट जोत्यावर असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. तेच दुकान पहिल्या मजल्यावर चढले तर सागवानी तुळयांची टोके उघडून बघावी लागतात. तुळई मध्ये ठणठणीत असते आणि भिंतीत शिरते तिथे, वर्षानुवर्षे ओल मुरून, बोटाने कुस्करता येईल इतकी सडलेली असते. फायलींच्या कपाटांनाही लोक हलके समजतात. ओळीने भरलेली कागदाची मांडणी दुकानापेक्षा जड पडते, ग्रंथालयाच्या साठ्याला मानकात ६ किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त धरतात ते उगाच नाही. रिकाम्या मजल्यावर एखाद्या बँकेने जुन्या कागदांचे कोठार मागितले तर भाडे कितीही चांगले असो, नाही म्हणा.

पाणी हे वजनाहून धोक्याचे. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत खारटपणा असतो. फोर्टमधल्या अनेक इमारतींत लोखंडी तुळयांच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी घालून वर कोबा केलेला आहे. ओल त्या लोखंडापर्यंत पोचली की गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचा दगड-विटा फोडून बाहेर ढकलते. खालून गिलाव्याला पडलेली सरळ रेषेतली भेग दिसली तर आत तुळई फुगते आहे असे समजा. ती भेग सिमेंटने बुजवणे हा या भागातला सर्वांत महागडा स्वस्त उपाय आहे. सिमेंट ओल आत कोंडते, दगड मात्र श्वास घेऊ पाहतो आणि सिमेंटच्या कडेने सुटतो. चुन्याचाच गिलावा करा, गवंडी मिळायला वेळ लागला तरी चालेल.

म्हणूनच तुमच्या हॉटेलच्या प्रस्तावावर मी थबकते. हॉटेल म्हणजे प्रत्येक खोलीला न्हाणीघर. कधी काळी अख्ख्या मजल्याला मागच्या अंगाला एक-दोन मोऱ्या होत्या, तिथे आता दहा-बारा न्हाणीघरे येणार, त्यातली बरीचशी सागवानी जमिनीच्या मधोमध. गरम पाण्याची वाफ, गळणारे सांधे, तुंबणारे नळ, आणि खाली कपड्यांचे दालन. अशी हॉटेले कुठे चांगली चालत नाहीत असे नाही. त्यांच्या आराखड्यात न्हाणीघरे एकावर एक, मागच्या दगडी भिंतीला लागून असतात आणि पाइप उघडे, हात पोचेल असे असतात. हॉटेलवाला असा आराखडा मान्य करून खोल्या कमी करायला तयार असेल तर बोलणी करा. खोल्यांची संख्या जमत नाही म्हणून तो मधोमध न्हाणीघरे मागत असेल तर ते दोन मजले त्याला देऊ नका. त्यापेक्षा वास्तुविशारद, वकील, छोटे प्रकाशक, कलादालने किंवा सामाईक कार्यालय चालवणारे अशा कोरड्या वापरांकडे वळा. भाडे थोडे कमी येईल, पण तुमच्या लोखंडाचे आयुष्य वाढेल.

हवेबद्दल एवढेच की वातानुकूलन यंत्रे दर्शनी भागावर टांगू देऊ नका. त्यांचे थेंबथेंब पडणारे पाणी आणि त्यांच्या कंसाचे गंजणारे खिळे या दोन गोष्टींनी फोर्टमधले कितीतरी कोरीव सज्जे खराब केले आहेत. मागच्या चौकात किंवा गच्चीवर त्यांची जागा ठरवून द्या आणि पाण्याला नळ करा.

नियमांचा भाग लोक अडथळा समजतात, मला तो आधार वाटतो. १९९५च्या वारसा नियमावलीने मुंबईने देशात या बाबतीत सुरुवात केली, आज त्या तरतुदी विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, २०३४ च्या ५२ क्रमांकाच्या नियमात आहेत. दुसऱ्या श्रेणीच्या इमारतीत आतले बदल आणि योग्य नवा वापर वारसा समितीच्या तपासणीनंतर होऊ शकतो. इमारत नीट राखण्याची हमी मालकाने दिली तर राहत्या भागालाही कचेरी, दुकान किंवा हॉटेल करण्याची परवानगी या नियमात मिळू शकते, आणि हमी पाळली नाही तर ती काढूनही घेतली जाऊ शकते. ही अट मला फार न्याय्य वाटते: वापराचा फायदा देखभालीशी बांधलेला आहे. २०१८मध्ये फोर्ट आणि ओव्हल परिसरातल्या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला. तुमची इमारत त्यात किंवा त्याच्या संरक्षक पट्ट्यात येते का हे आधी बघून घ्या, कारण तसे असेल तर पाट्यांपासून दिव्यांपर्यंत तपासणी जास्त काटेकोर होते. अर्ज करताना नुसते नकाशे देऊ नका, काय काढणार, काय ठेवणार आणि काय पुन्हा होते तसे करता येईल, हे लिहून द्या. समितीचे बरेचसे प्रश्न तिथेच मिटतात. अग्निसुरक्षेचा आराखडाही याच वेळी करा. लाकडी जिना हा बहुतेक जुन्या इमारतींत बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता असतो, त्यात सामान ठेवण्याची सवय मोडणे हे पहिले काम.

आता करार. भाडेकरूने इमारतीचा चेहरा ठरवू नये, पण खर्च उचलावा, असे कागदावर यायला हवे. भाड्याबरोबरच सामाईक देखभालीची वेगळी रक्कम ठरवा आणि ती वेगळ्या खात्यात जमा करा. छत, पावसाळी नळ, जिना आणि दर्शनी भाग एवढ्यासाठीच तिचा उपयोग होईल असे लिहा. जुन्या भाडेकरूंनाही त्यात बोलवा. त्यांचे भाडे कमी असले तरी गळणारे छत त्यांनाही नकोच असते, आणि हिशेब उघडा ठेवला तर बरेच जण आपणहून वाटा देतात. पोटभाडे आणि जागेचे तुकडे करण्यास पूर्ण बंदी घाला. पोटमाळा बांधायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती आणि भाराची मर्यादा करारातच टाका. दर पावसाळ्यापूर्वी छतावर चढून पाहणी, नळांतला गाळ काढणे आणि फोटोसह नोंद, ही मालकाची जबाबदारी म्हणून तुम्ही स्वतःवर लिहून घ्या. भाडेकरू जाताना त्याने केलेले सगळे काढून, भिंती चुन्याने पूर्ववत करून देईल, आणि त्यासाठीची अनामत वेगळी ठेवली जाईल.

सध्या तळमजल्याच्या ब्रँडला होकार द्यायला हरकत दिसत नाही, पाटी ओवरीच्या आत आणि कमान मोकळी राहणार असेल तर. वरच्या मजल्यांचा निर्णय मात्र तुळयांची टोके उघडून पाहिल्यावरच घ्या. त्यासाठी भिंतीलगतची फळी दोन-तीन ठिकाणी उचलावी लागेल, त्याला फार खर्च नाही. हे काम पाऊस थांबल्यानंतर, भिंती वाळू लागल्यावर करा, कारण ओल नेमकी कुठून येते याच्या खुणा तेव्हा ताज्या असतात. तो अहवाल हाती आला की तोच हॉटेलवाल्यासमोर ठेवा आणि त्याच्या इंजिनिअरला तुमच्या इंजिनिअरशी बसवा.